बाण माझा, निरोप कुणाचा?

संगणकाच्या पडद्यावर माझं स्वतःचं म्हणावं असं फार थोडं असतं. खिडक्या त्या त्या सॉफ्टवेअरच्या. फायली लेखकांच्या आणि प्रकाशकांच्या. मागचं चित्रसुद्धा विंडोज आपल्या मनानं बदलतं. काल कुठलासा समुद्रकिनारा होता, आज पेंग्विन आहेत. उरतो तो एक पांढरा बाण. मी हात हलवला तर तो हलतो, थांबले तर थांबतो, चहा टाकायला उठले तर सोडला त्या जागी उभा राहतो. पडद्यावरची बाकी प्रत्येक चीज माझ्याकडे काहीतरी मागत असते. बाण काही मागत नाही. म्हणून भाचा जेव्हा म्हणाला, "आत्या, तुझी सगळी नोटिफिकेशन्स मी कर्सरवरच आणून देतो," तेव्हा मला सोय दिसली, पण कुठेतरी खटकलंही. काय खटकलं ते त्या वेळी सांगता येईना.

मी पुस्तकांची पानं लावते. ऑगस्ट ते ऑक्टोबर दिवाळी अंक, उरलेलं वर्ष कादंबऱ्या, चरित्रं, गौरवग्रंथ. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये डावं-उजवं पान शेजारी शेजारी उघडलेलं, पडदा सत्तावीस इंची, आणि माझी नजर दिवसभर जोडाक्षरं, ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द आणि पानाच्या तळाशी एकटी पडलेली ओळ शोधत फिरणारी. नोटिफिकेशन येतं ते उजव्या हाताला खाली, कोपऱ्यात. विंडोजच्या मूळ मांडणीत ते पाच सेकंद थांबतं आणि जातं. त्या पाच सेकंदांत मी डाव्या पानावरच्या तिसऱ्या परिच्छेदात असले तर ते माझ्यासाठी आलेलंच नसतं. संध्याकाळी यादी उघडली की कळतं, मुद्रकानं दुपारीच विचारलेलं असतं की कव्हर मॅट की ग्लॉस.

यात माझ्या बेसावधपणाचा भाग कमी आणि डोळ्याच्या रचनेचा जास्त आहे. आपल्याला सगळा पडदा एकदम स्वच्छ दिसतोय असं वाटतं, पण खरोखर तीक्ष्ण दिसतं ते नजरेच्या मधोमध सुमारे दोन अंशांत. माझा पडदा डोळ्यांपासून साठेक सेंटिमीटरवर आहे. त्या अंतरावर दोन अंश म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर रुंदीचा तुकडा. अख्खा पडदा मात्र पन्नास अंशांहून जास्त जागा व्यापतो. बाकीचं सगळं मेंदू आठवणीतून आणि अंदाजानं भरून काढतो. कडेच्या नजरेला हालचाल लगेच जाणवते, अक्षरं वाचता येत नाहीत. आणि मन कामात गढलेलं असलं की हालचालही निसटते. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चाब्रिस यांचा १९९९ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे: बास्केटबॉलचे पास मोजायला सांगितलेल्या प्रेक्षकांपैकी जवळजवळ निम्म्यांना खेळाडूंच्या मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेषातला माणूस दिसला नाही. तो तर पडद्याच्या मधोमध छाती बडवून गेला होता. कोपऱ्यातल्या करड्या चौकोनाची काय कथा.

भाच्याचं म्हणणं सरळ होतं. तो कोथरूडला एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो आणि घरी आल्यावरही लिहितो. "तुझी नजर जिथे असते तिथे कर्सर असतो. मग निरोप तिथेच द्यायचा. मजकूर नाही, नुसता ठिपका. बाणाच्या शेपटीशी छोटा निळा ठिपका आला की समज, मेल आहे. हिरवा म्हणजे व्हॉट्सॲप. हवं तेव्हा बघ, नको तर नको."

ऐकायला छानच होतं. शिवाय एक फायदा त्यानं सांगितला नव्हता, तो माझ्या लक्षात आला. प्रकाशकांशी पडदा शेअर करून पानं दाखवत असताना कोपऱ्यातून अचानक "ताई, मागच्या बिलाचं काय झालं" असं कुणाचं तरी वाक्य सरकत येतं, ते टळणार होतं. ठिपका सगळ्यांना दिसला तरी त्याचा अर्थ फक्त मला ठाऊक.

त्यानं काम सुरू केलं, आणि मी माझ्या सवयीप्रमाणे वाचायला लागले.

हा बाण आला कुठून? १९६४ च्या सुमाराला कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माऊस तयार केला: लाकडाचा ठोकळा, खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाकं. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगेलबार्ट यांनी दीड तास त्याचं प्रात्यक्षिक दिलं. त्या दिवशी त्यांनी जे दाखवलं त्यातलं अर्धं आपण आज वापरतो आणि उरलेलं अर्धं गेल्या काही वर्षांत नवीन म्हणून विकलं गेलं. त्यांचा बाण सरळ वर टोक करून उभा होता. पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत, १९७३ च्या आल्टो संगणकावर, तो डावीकडे कलला. त्या काळच्या जाड ठिपक्यांच्या पडद्यावर सरळ बारीक बाण नीट उमटत नव्हता, पंचेचाळीस अंशांची रेघ आणि एक उभी कड असली की स्पष्ट दिसायचा. आल्टोचा कर्सर सोळा बाय सोळा ठिपक्यांचा. बाण कशाकडे दाखवतोय ते ठरतं ते त्याच्या टोकाच्या एका पिक्सेलवरून. बाकी सगळा बाण त्या पिक्सेलला धरायची मूठ.

त्या १९६८ च्या प्रात्यक्षिकातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मंचावर एंगेलबार्ट, आणि तिथून सुमारे तीस मैलांवर मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत त्यांचे सहकारी. दोघं एकाच मजकुरावर एकदम काम करत होते, आणि दूर बसलेल्या माणसाचा बाणही एंगेलबार्ट यांच्या पडद्यावर दिसत होता. म्हणजे दुसऱ्याला माझ्या पडद्यावर यायचं असेल तर त्याचा वेगळा बाण असावा, ही व्यवस्था अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे. आज गूगल डॉक्समध्ये संपादक माझ्याबरोबर फायलीत आले की त्यांचा कर्सर वेगळ्या रंगात, नावाची पट्टी लावून येतो. माझ्या कर्सरला ते हात लावत नाहीत. हे वाचलं तेव्हा मला काय खटकत होतं त्याचं एक टोक हाती आलं.

पण भाचा ऐकणारा नव्हता. "अगं, कर्सर काय आज बोलायला लागलाय का? वाळूचं घड्याळ आठवत नाही तुला?"

आठवतं तर. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळात दिवसाचा मोठा भाग मी वाळूच्या घड्याळाकडे बघण्यात घालवला आहे. कर्सर पूर्वीपासून बोलतोच आहे, हे खरं. १९८४ च्या मॅकिंटॉशवर काम चालू असलं की बाणाचं मनगटी घड्याळ व्हायचं. त्या संगणकाची चित्रचिन्हं सुझन केअर यांनी काढलेली. विंडोजमध्ये वाळूचं घड्याळ व्हिस्टा ही आवृत्ती येईपर्यंत टिकलं, मग निळं कडं आलं. मॅकवरच्या फिरत्या रंगीत चेंडूची वंशावळ तर मजेदार आहे. स्टीव्ह जॉब्स ॲपलबाहेर असताना त्यांच्या नेक्स्ट कंपनीनं १९८८ मध्ये जो संगणक काढला, त्यात मॅग्नेटो-ऑप्टिकल डिस्क होती, आणि ती हळू चालायची. डिस्क वाचली जात असताना कर्सरच्या जागी फिरती डिस्क दिसे. पुढे ती डिस्क गेली, कंपनी ॲपलमध्ये विलीन झाली, पण कर्सर रंगीत होऊन राहिला. आज तो डिस्कबद्दल काही सांगत नाही. समोरचं सॉफ्टवेअर काही सेकंद उत्तर देत नाहीये, एवढंच सांगतो. विंडोजला पर्याय असलेल्या लिनक्सच्या केडीई या पडदा-मांडणीत एखादं ॲप उघडायला सांगितलं की ते उघडेपर्यंत त्याचं चिन्ह बाणाशेजारी उड्या मारत राहतं. मला तो प्रकार आवडतो. पोराला दुकानात पाठवावं आणि त्यानं जिन्यात नाचत उभं राहावं तसा.

मग भाच्याचं चुकतंय कुठे? त्या वेळी मला उत्तर नव्हतं. त्यानं पहिली आवृत्ती आणून माझ्या संगणकावर बसवली.

कर्सर बदलणं हे वाटतं तितकं सोपं नाही, हे मला त्याच्या चिडचिडीतून समजलं. कर्सर ही पडद्यावरची इतर चित्रांसारखी गोष्ट नसते. ग्राफिक्स कार्ड ते सगळ्यांच्या वर, वेगळं रंगवतं; म्हणूनच संगणक गुडघे टेकलेला असतानाही बाण मात्र ऐटीत फिरत असतो. त्याचं रूप कोणी ठरवायचं, तर बाण ज्या खिडकीवर आहे तिनं. मजकुरावर गेला की उभी रेघ, दुव्यावर गेला की हात, कडेवर गेला की दुतोंडी बाण. दुसऱ्याच्या खिडकीवर असलेला बाण बदलायचा असेल तर विंडोजमध्ये एक आडमार्ग आहे: अख्ख्या सिस्टिमचा बाणच बदलून टाकायचा. भाच्यानं तेच केलं. त्यात दोन गोच्या निघाल्या. एक, त्याचा प्रोग्राम मध्येच कोसळला की ठिपकेवाला बाण तसाच राहायचा, आणि मी न आलेल्या मेलची वाट बघत बसायची. दुसरी जास्त मूलभूत. इनडिझाइन सिस्टिमचा बाण वापरतच नाही, स्वतःचे कर्सर वापरतं. म्हणजे ज्या खिडकीत माझा सगळा दिवस जातो तिथेच ठिपका नाही!

मॅकवर आणि नव्या लिनक्सवर तर हा आडमार्गही बंद आहे. लिनक्सच्या वेलँड या नव्या व्यवस्थेत बाण जिच्यावर आहे त्या खिडकीलाच त्याचं रूप ठरवता येतं, आणि आपल्या खिडकीबाहेर बाण कुठे फिरतोय हे सामान्य प्रोग्रामला कळतही नाही. जुन्या एक्स विंडो पद्धतीत एक्सआइज नावाचा एक खेळ होता: दोन मोठे डोळे, बाण जाईल तिकडे बुबुळं फिरवणारे. वेलँडवर ते डोळे मध्येच थिजतात. बाण जुन्या पद्धतीच्या खिडकीवर आला की पुन्हा बघायला लागतात. भाच्याला हे निर्बंध जाचक वाटतात. मला ते वाचून बरं वाटलं. बाण कुणाचा, याचा विचार कुणीतरी गांभीर्यानं केलेला आहे, आणि तोही तत्त्वज्ञान म्हणून नाही, नियम म्हणून लिहून ठेवलेला आहे.

शेवटी त्यानं दुसरा रस्ता घेतला. बाणाला हात न लावता एक इवलीशी, क्लिक आरपार जाऊ देणारी पारदर्शक खिडकी बाणाच्या मागे मागे पळवायची आणि ठिपका तिच्यात काढायचा. चाललं. फक्त बाण जोरात फिरवला की ठिपका किंचित मागे राहतो, मग धावत येऊन गाठतो. ते दिसायला गोड आहे आणि कामात असताना अतिशय त्रासदायक आहे.

तर ठिपका आला. आणि मी त्याच्याबरोबर राहायला लागले.

पहिली गोष्ट दिसली ती अशी की नजर असते तिथे कर्सर असतो हे निम्मंच खरं आहे. काहीतरी पकडायला, उचलायला जाते तेव्हा नजर आधी पोचते आणि बाण मागून येतो. त्या क्षणी दोघं एकत्र असतात. पण प्रूफं वाचताना बाण कुठेतरी समासात टाकून दिलेला असतो. टाइप करताना तर तो दिसतच नाही. बहुतेक ठिकाणी अक्षरं उमटायला लागली की माऊसचा बाण लपवतात, कारण तो ओळीवर बसून राहतो. मी मजकूर दुरुस्त करत असताना येणारे सगळे निरोप अशा रीतीनं लपलेल्या बाणाला बिलगून येत होते. माऊस हलवला की बाण उगवायचा, आणि त्याच्याबरोबर निळा, हिरवा, तांबडा असे तीन ठिपके.

तांबड्याची वेगळीच गंमत. ठरलेल्या वेळची आठवण म्हणून तांबडा ठेवला होता. इनडिझाइनमध्ये चौकटीत न मावलेला मजकूर असला की चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्याशी तांबडं अधिकचिन्ह दिसतं. पानं लावणाऱ्याचा जीव त्या तांबड्या खुणेत असतो. ती राहिली तर छापील पुस्तकात वाक्य अर्ध्यावर तुटतं. माझ्या मेंदूला वर्षानुवर्षं एकच शिकवण आहे: तांबडं दिसलं की आधी मजकूर बघ. आता बाणाजवळ तांबडं आलं की मी दचकून चौकटीचा कोपरा तपासायचे, तिथे सगळं ठीक, आणि मग कळायचं की साडेचारला कुणाचा तरी फोन यायचा आहे. रंग बदलून घेतला. पण मुळात पानं लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कर्सर आधीच भरलेला असतो. मजकूर उचलला की बाणाच्या शेपटीला त्या मजकुराचे पहिले शब्द लटकतात, शिफ्ट किंवा ऑल्ट दाबलं की त्याची नागमोडी रेघ बदलते, चौकटीवर गेलं की साखळीचं चिन्ह येतं. ही सगळी बडबड मला हवी असते, कारण पुढच्या क्लिकनं काय होणार ते ती सांगते. तिच्यात ठिपक्यानं तोंड घातलं की दोघांचंही ऐकू येत नाही.

याच दिवसांत मी जुने निरोप्ये शोधत होते. निरोप द्यायची सगळ्यात जुनी पद्धत अर्थात घंटा. टेलिटाइपला, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर टंकणाऱ्या यंत्राला, खरोखरची घंटा असायची, आणि संगणकाच्या ॲस्की संकेतावलीत सातवा संकेत अजूनही घंटेचा आहे. अक्षर नाही, नुसता टण्ण. १९८० च्या बर्कली युनिक्समध्ये, म्हणजे बर्कली विद्यापीठात घडलेल्या संगणक-व्यवस्थेत, बिफ नावाचा प्रोग्राम आला. मेल आली की तो टर्मिनलवर सांगायचा. नाव तिथल्या एका कुत्र्याचं. नंतर त्याचं चित्ररूप झालं एक्सबिफ: पडद्यावर एक छोटी टपालपेटी, पत्र आलं की तिचा झेंडा वर. ती कुठे ठेवायची ते तुम्ही ठरवायचं. मग विंडोजचे पिवळे फुगे आले, त्यांच्याबद्दल काही चांगलं बोलावंसं वाटत नाही. २००९ च्या एप्रिलमध्ये उबंटू या लिनक्सच्या एका अवतारानं वेगळाच प्रयोग केला. त्यांचा निरोपाचा काळा चौकोन क्लिकच करता येत नसे. बाण त्याच्यावर नेला की तो विरळ व्हायचा आणि बाण आरपार जाऊन खालच्या खिडकीवर काम करायचा. लोकांनी पुष्कळ कुरकुर केली, की याच्यावर क्लिक करून मेल का उघडत नाही. मला ती कल्पना आजही सभ्य वाटते. निरोप बाणाला वाट देत होता. भाच्याच्या योजनेत नेमकं उलटं होतं, निरोप बाणाच्या पाठीवर बसला होता.

आणि १९९५ सालचा तो दोर. झेरॉक्सच्या त्याच प्रयोगशाळेत मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी 'शांत तंत्रज्ञान' या विषयावर लिहिताना नताली जेरेमिजेंको या कलावतीच्या एका रचनेचं उदाहरण दिलं. छताला एक छोटी मोटर, तिला लोंबणारा आठ फुटी प्लास्टिकचा दोर, आणि मोटर कार्यालयाच्या नेटवर्कच्या तारेला जोडलेली. माहितीचा कण गेला की मोटर किंचित थरथरे. नेटवर्क शांत असलं तर दोर अधूनमधून हलायचा, गर्दी झाली की गरागरा फिरायचा. कुणी त्याच्याकडे बघत बसत नव्हतं, पण सगळ्यांना नेटवर्कची हालहवाल माहीत असायची. त्या दोघांचं म्हणणं होतं की चांगलं यंत्र लक्षाच्या कडेला राहतं आणि गरज पडली तरच मध्यभागी येतं. मुख्य म्हणजे परत कडेला जायचीही त्याला सोय असते. कर्सर हा लक्षाचा मध्य. तिथे एकदा निरोप ठेवला की तो मागे सरकणार कुठे?

आता मला खटकलेलं नीट सांगता येतं. वाळूचं घड्याळ, मनगटी घड्याळ, फिरती डिस्क, केडीईचं उड्या मारणारं चिन्ह: हे सगळे कर्सर माझ्याच कृतीचं उत्तर देत होते. मी काहीतरी करायला सांगितलं, ते चाललंय, थांब. मेलचा निळा ठिपका माझ्या कुठल्याच कृतीचं उत्तर नाही. तो दुसऱ्या कुणाच्या तरी मनात आलेली गोष्ट माझ्या हाताला आणून चिकटवतो. आमची आजी काही विसरू नये म्हणून पदराच्या टोकाला गाठ मारायची. दुधाचे पैसे द्यायचे, गाठ. कुणाच्या पोरीला बघायला येणार, गाठ. दिवसभर ती गाठ हाताला लागायची आणि आठवायचं. पण आजीच्या पदराला दुधवाल्यानं परस्पर गाठ मारलेली मी कधी पाहिली नाही. तसं कुणी केलं असतं तर आजीनं काय केलं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

परक्यांना त्या जागेचा मोह पडतो हे काही नवं नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॉमेट कर्सर नावाचा प्रकार होता: तो बसवला की वेबसाइटला तुमच्या बाणाचं रूप बदलता यायचं. कार्टून, फुलं, आणि जाहिरातींची चिन्हंसुद्धा. तुमच्या हाताच्या टोकाला कुणाचा तरी ब्रँड. १९९९ मध्ये बातमी फुटली की तो प्रत्येक वापरणाऱ्याला एक क्रमांक देऊन कुठल्या साइटवर तो दिसतोय याची नोंद कंपनीकडे पाठवत होता. लोक संतापले ते नोंदीवरून. मला वाटतं, नोंद ठेवली नसती तरी तो आगाऊपणाच होता.

इथपर्यंत मी भाच्याला निकाल सांगून मोकळी झाले असते. पण माझ्या ओळखीचे एक जुने मुद्रितशोधक आहेत. दृष्टी खूप अधू झाल्यामुळे पडद्यावरचं भिंग वापरून वाचतात. विंडोजचं भिंग पूर्ण पडद्यावर चालू असलं की पडद्याचा एक छोटा तुकडाच मोठा होऊन समोर येतो, आणि माऊस हलेल तसा तो तुकडा सरकतो. उरलेला पडदा त्यांच्यासाठी अस्तित्वातच नसतो, कोपऱ्यासकट. त्यांना मी भाच्याचा ठिपका दाखवला. ते म्हणाले, "ताई, मला इतके दिवस वाटत होतं की माझ्या संगणकाला नोटिफिकेशन येतच नाहीत." त्यांच्या पडद्यावर बाण आणि नजर यांची फारकत नाही, जिथे बाण, तिथेच पडदा. त्यांना ठिपका हवा आहे, मोठा हवा आहे, आणि माझी पदराची उपमा त्यांना ऐकवायचं मला धाडस झालं नाही. त्यांच्यासाठी भाच्यानं रंगांच्या जागी आकार केले, गोल, चौकोन, त्रिकोण, कारण रंग त्यांना नीट वेगळे दिसत नाहीत. ठिपका लुकलुकवायचा विचार आम्ही सोडला. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काही चमकू नये असा वेबसाठीच्या सुगम्यतेचा नियम आहे, फेफरं येणाऱ्यांच्या काळजीपोटी. आणि त्याखालच्या वेगानंही ते असह्यच होतं.

तेव्हा सगळ्यांसाठी एकच उत्तर काढायचा नाद मी सोडला आणि फक्त माझ्या बाणाचा नियम केला. मी सुरू केलेल्या कामाचा निरोप बाणावर चालेल. दुसऱ्यानं सुरू केलेल्याचा नाही.

हा नियम लावल्यावर ठिपका एकदम उपयोगी झाला. भरपूर छायाचित्रं असलेल्या गौरवग्रंथाची पीडीएफ काढायला घातली की इनडिझाइन ते काम मागच्या मागे करत राहतं, मी पुढची पानं उघडते. पूर्वी दर थोड्या वेळानं जाऊन बघायचं, झाली का. आता भाच्याचा प्रोग्राम त्या फोल्डरवर नजर ठेवतो, आणि फाइल पुरी झाली की बाणाला ठिपका लागतो. मोठी फाइल मुद्रकाकडे चढवून झाली, ठिपका. बॅकअप पुरा झाला, ठिपका. मी टाइप करत असले आणि बाण लपलेला असला तरी बिघडत नाही. माऊसला हात लावीन तेव्हा, म्हणजे मुळात काहीतरी नवं करायला घेईन तेव्हा, तो सांगेल. ठिपका एका वेळी एकच, आणि माऊस दोनदा हलवला की आपोआप जातो. मेल आणि व्हॉट्सॲप पुन्हा कोपऱ्यात गेले आहेत आणि मी ते दिवसातून ठरावीक वेळी बघते. मुद्रकाला सांगितलं आहे की मॅट-ग्लॉससारखं काही असेल तर फोन करा.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइनमधल्या ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक अभ्यास केला होता. मध्येमध्ये व्यत्यय आणलेले लोक काम हळू करत नाहीत, उलट भरभर उरकतात, आणि त्याची किंमत ताण, वैताग आणि घाई यांत मोजतात, असं त्यात दिसलं. हे वाचून मला दिवाळी अंकांचा ऑक्टोबर आठवला. अंक वेळेवर निघतो. त्या महिन्यात घरी माझ्याशी कुणी बोलत नाही.

भाच्याला माझा नियम पटलेला नाही. तो म्हणतो, सीमारेषा तू काढलीस तशी सरळ नाहीच. आणि त्यानं मला एक उदाहरण घातलं, त्यावर आमचं अजून चाललंय. मी प्रकाशकांना अंतिम प्रूफ पाठवते. ते बघतात आणि "छपाईला द्या" अशी मेल करतात. ती मेल त्यांनी लिहिलेली, म्हणजे कोपऱ्यात. पण काम तर मी सुरू केलेलं. पीडीएफ पुरी होणं आणि त्यावर होकार येणं यांत फरक फक्त इतकाच की मधे माणूस आहे. "मग संगणकानं उत्तर दिलं तर ठिपका आणि माणसानं दिलं तर नाही, असं का गं आत्या?"

मी म्हटलं, संगणक "छपाईला द्या, फक्त पान बेचाळीस ते साठ पुन्हा बघून घ्या" असं लिहीत नाही, म्हणून.

त्यावर तो म्हणतो की तसं असेल तर दोन वेगळे आकार करू. मी अजून हो म्हटलेलं नाही.